सही मागे घेताना

इथे आखातात, अल बर्शातला आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. त्या मोठ्या पावसात दुपारपर्यंत हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी साचलं. नवऱ्याने आमच्या मराठी मंडळातल्या एका कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो मागच्याच गल्लीत राहायचा. निम्मे रस्ते बंद असताना तो साइटवरून पंप घेऊन आला, त्याने पाणी उपसलं, माणसं लावून सोफे उचलून ठेवले. त्याच्या बायकोने डब्यातून खिचडी पाठवली. ती माझी मैत्रीण. संध्याकाळी आम्ही दोघी पार्कात चालायला जायचो.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा करार घेऊन तो आला. "वहिनी, इन्शुरन्स कंपनी परस्पर मला देईल. तुम्ही काही बघायचं नाही." आम्ही दोघांनी सही केली. ओल्या घरात उभं राहून कोण काय वाचणार?

मग इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला. उखडलेलं लाकडी फ्लोअरिंग, फुगलेली कपाटं बघत तो किचनपाशी पोहोचला. "किचन में भी पानी था," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "पूरा बदलना पड़ेगा." सर्व्हेअरने माझ्याकडे पाहिलं. किचन हॉलपेक्षा एक पायरी उंच आहे, पाणी तिथे पोहोचलंच नव्हतं. मी तसं सांगितलं. कॉन्ट्रॅक्टर हसला, म्हणाला, मॅडम घाबरल्या होत्या, त्यांच्या लक्षात नसेल.

ते हसणं मला खटकलं. माझ्या घरात काय झालं, ते माझ्यापेक्षा तो ठरवत होता.

नवरा म्हणाला, "सोडून दे. गणपतीत रोज तोंड बघायचंय त्याचं." पण मी इन्शुरन्स कंपनीला फोन केला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली की क्लेम अजून मंजूर व्हायचाय, आणि दुरुस्ती कोणाकडून करायची हे घरमालकानेच ठरवायचं. करार मोडण्याची अट काय आहे तेवढी बघा, असंही तिने सुचवलं. अट सरळ होती: काम सुरू होण्याआधी लेखी कळवलं, तर दोघांपैकी कोणीही करार रद्द करू शकत होतं.

रद्द करण्याचा मेल पाठवण्याआधी मी नवऱ्याला घेऊन कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात गेले. ज्याने आपल्या घरातलं पाणी उपसलं त्याला नुसता मेल पाठवणं बरं वाटेना.

"त्या दिवशीच्या पंपाचे आणि माणसांचे किती झाले ते सांगा, आम्ही देतो," मी म्हणाले. "पुढचं काम मात्र आम्ही दुसऱ्याला देणार आहोत."

"किचनमुळे? वहिनी, इथे सगळेच असं करतात. कंपनीचं काय जातं?"

"कंपनीचं मला माहीत नाही. पण तुम्ही काम करत असताना मी प्रत्येक गोष्ट तपासत बसेन. ते तुम्हालाही नको असेल."

"तुम्ही सही केली होती."

"केली होती. आता रद्द करतेय."

त्याने टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाला, "खलास, संपला विषय. पंपाचे पैसे नकोत. ते मी शेजारी म्हणून आलो होतो." नवऱ्याने पुन्हा विचारलं, पण त्याने मान हलवली. त्या क्षणी त्याच्यावर रागावणं मला फार अवघड गेलं.

दुसरा कॉन्ट्रॅक्टर मिळायला वेळ लागला. पावसानंतर सगळ्यांनाच माणसं हवी होती. उन्हाळा आम्ही उघड्या सिमेंटवर चटया टाकून काढला. किचन आहे तसंच राहिलं.

मैत्रिणीने फिरायला येणं बंद केलं. मीही फोन केला नाही. थंडी सुरू झाली तेव्हा एके संध्याकाळी पार्कात ती समोरून आली आणि माझ्या बरोबरीने चालू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "हे म्हणाले, तुम्हाला कोणीतरी स्वस्तात मिळालं."

खरं सांगायचा मला हक्क होता. पण ती त्याच्याच घरी परत जाणार होती.

"तसंच काहीसं," मी म्हणाले.

त्या दिवशी आम्ही नेहमीपेक्षा एक फेरी जास्त मारली.