कांताबाईची हाक

कुरखेड्यापलीकडच्या त्या गावात मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांचा एक नियम आहे. रान वाघाचं, म्हणून थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची आणि प्रत्येकीनं ओ द्यायची. ओ आली नाही, तर टोपल्या टाकून सगळ्यांनी तिकडे धावायचं. कांताबाईची हाक तर नाल्यापार ऐकू जाई. आणि तिच्याच सहा वर्षांच्या नातीला, दिव्यानीला, ओ देता येत नव्हती. दैवाची थट्टाच म्हणायची!

पोरीला ऐकू चांगलं येई, समजे तर चारचौघींपेक्षा जास्त. पण 'पाणी' म्हणायला गेली की कधी 'आनी' निघे, कधी 'बापी', कधी नुसतेच ओठ हलत. वाचा फुटावी म्हणून पोपटानं उष्टावलेले पेरू खाऊ घालून झाले. शेजारची रुखमाबाई म्हणे, "हट्टी हाये पोट्टी. दोन फटके दे तिले." कांताबाईनं दिलेही. ते आठवलं की तिला आजही स्वतःची लाज वाटते.

गेल्या वर्षी गडचिरोलीत वाचा-उपचार करणाऱ्या करिष्मा मॅडमनी सांगितलं, "शब्द तिच्या डोक्यात तयार असतो, आजी. पण ओठ-जीभ कशी हलवायची, हा मेंदूचा निरोप वाटेत चुकतो. 'बोल, बोल' म्हटलं की आणखी अडकते. तळहातावर ठोके देत सावकाश म्हणून घ्या. आणि थांबा." तेव्हापासून कांताबाई रोज सकाळी ठोके देई. आ, जी. पण तिच्या मनाला ते पटलं नव्हतं. डोक्यात असलेला शब्द तोंडात येत नाही म्हणजे काय?

यंदा मोहाच्या दिवसांत पोरीची आई तापानं पडलेली, म्हणून दिव्यानीला रानात न्यावं लागलं. "झाडाखालून हलू नोको," कांताबाईनं दहादा बजावलं. उजाडता उजाडता वळून पाहते तर झाडाखाली टोपली होती, पोर नव्हती.

तेवढ्यात नाल्याकडची वानरं खेकसू लागली. अशी ती उगाच खेकसत नाहीत.

कांताबाईनं हाक मारायला तोंड उघडलं. काहीच आलं नाही. नाव डोक्यात लख्ख होतं, जीभ मात्र उचलेना. पुन्हा जोर लावला, नुसती हवा निघाली. पोरीच्या जिवावर बेतलंय आणि आपलं तोंड चालत नाही! तिनं पाण्याचा डबा ओढला आणि दगडानं दोन ठोके हाणले. मग थांबली. थांबणं तिला जन्मात इतकं जड गेलं नव्हतं. पुन्हा दोन हाणले.

नाल्यापासून दूर, उलट दिशेच्या झुडपांमागे दगडावर दगड वाजला. ठक. ठक.

कांताबाई धावली. पुढच्या मोहाखाली दिव्यानी फ्रॉकच्या ओच्यात फुलं भरून उभी होती, हातात दगड. डब्याचा आवाज ऐकून बायाही पोचल्या.

"काऊन हाक नाई मारली वो, कांता?" रुखमाबाई धापा टाकत म्हणाली. कांताबाईचे ओठ हलले, आवाज नाही. "काय झालं? बोल ना वो! बोल ना!"

दिव्यानीनं ओचा सोडला. फुलं सांडली. रुखमाबाईकडे बघून तिनं तोंडावर बोट ठेवलं. मग आजीचा हात ओढून घेतला, तळहात उलगडला आणि त्यावर सावकाश ठोके दिले. एक. दोन. तीन. आणि आजीच्या तोंडाकडे बघत थांबली.

"दि... व्या... नी," कांताबाई म्हणाली.