घरची गाडी शेवटी

तोंडावर सगळे त्यांना मिस्त्री म्हणत आणि पाठ वळली की तुसडा. दोन्ही नावं खरी होती. पिकअपच्या टर्बोचं काम त्या अख्ख्या रस्त्यावर त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि हे ते स्वतःच दिवसातून चारदा ऐकवत. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. गाडी ओढत नाही म्हणून कुणी कुरकुरला, की म्हणायचे, "गाडी ओढते. तूच ओढत नाहीस."

गिऱ्हाईक नवखं असलं की मात्र जरा मायेनं समजावायचे. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत जोर नसतो. म्हणून गाडीच्या नाकाशी इंटरकूलर बसवलेला असतो. त्या जाळीतून जाताना हवा थंड होते. मिस्त्री हातातलं मीटर लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान दाखवायचे. आकडा खाली आला की असे खुलायचे, जणू पोरगं पहिलं आलंय.

पण धुक्याच्या, दमट दिवसांत याच थंडाव्याचा घात होतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसं इंटरकूलरला आतून सुटतं. गाडी सावकाश चालली की ते तळाशी साचत राहतं. मग कुणी एकदम पाय दाबला, की सगळं पाणी इंजिनात ओढलं जातं आणि दोन-तीन सेकंद गाडीचा दम कोंडतो. दोन-तीन सेकंद म्हणजे काय, हे ओव्हरटेक करताना कळतं. यावर मिस्त्रींचा उपाय साधा होता. इंटरकूलरच्या तळाला सुईएवढं भोक. कोरड्या दिवसांत धूळ नको म्हणून त्यात स्क्रू, आणि दमट दिवस लागले की स्क्रू काढून टाकायचा. दरवर्षी ते गॅरेजच्या शटरवर खडूनं गाड्यांची यादी लिहायचे आणि एकेक खोडत जायचे. त्यात एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या गाड्या आधी, घरची गाडी शेवटी. लोकांचं आपला तो बाब्या असतं, यांचं उलटं. या नियमाचा त्यांना भारी अभिमान होता.

घरची गाडी म्हणजे जावयाचा पेट्रोल पिकअप. जावई खिडक्यांच्या काचा पोचवायचा. काचा घेऊन फिरणारा माणूस गाडी कशी चालवणार? मुंगीला वाट देत देत. मिस्त्री चेष्टा करायचे, "जावईबापू, सायकलवाले तुम्हाला हॉर्न देतात म्हणे!" तो नुसता हसायचा. चिडणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

त्या वर्षी धुकं लवकर आलं. आठवडाभर आधी मिस्त्रींनी जावयाच्या गाडीला मीटर लावलं होतं. आकडा इतका खाली की त्यांनी मुलीला हाक मारून दाखवला. "बघ, हवा कशी गारेगार जातेय. घोडा आहे घोडा!" एवढ्या गार हवेला पाणी सुटणार, हे दुसऱ्या कुणाच्या गाडीत त्यांना तत्काळ दिसलं असतं. पण यादीत अजून तीन गाड्या वर होत्या.

धुकं पडल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी जावई लाकडांच्या ट्रकमागे तासभर रांगत होता. रस्ता मोकळा दिसला, तो बाहेर निघाला आणि पाय दाबला. समोरून बस आली. परत आत वळायला बघत होता, तेवढ्यात बस दारावर आदळली. मागच्या काचांचं काय झालं ते सांगवत नाही.

हॉस्पिटलात तो शुद्धीवर होता. मिस्त्रींना बघताच पुटपुटला, "दाबलं, आणि गाडी खोकली, बाबा. दमच सुटला तिचा."

या वेळी माणसानं काय म्हणावं? असू दे, आधी बरा हो. एवढं पुरे होतं. पण मिस्त्रींच्या वर्मावर बोट पडलं होतं. मनात उठलेल्या भीतीचा राग झाला. पोलीस बाजूला उभा होता, मुलगी उशाशी होती.

"माझ्या हातची गाडी दम सोडत नाही," ते म्हणाले. "अंदाज चुकला तुझा. कबूल कर आणि गप्प पड." जावयाशी ते आयुष्यात पहिल्यांदा एकेरीत बोलले ते तेव्हाच.

पोलिसानं तेच लिहून घेतलं. जावई छताकडे बघत राहिला.

गाडी ओढून मिस्त्रींच्याच आवारात आणून ठेवली होती. दार चेपलेलं, नाक शाबूत. त्यांनी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि पाच दिवस तिकडे फिरकले नाहीत. कामं करत राहिले. शेजारचा टायरवाला म्हणाला, "एकदा उघडून तरी बघा." तर त्याच्यावरच खेकसले.

सहाव्या दिवशी दुपारी परगावचं एक गिऱ्हाईक आलं. "मिस्त्री, माझा स्क्रू राहिलाय काढायचा. धुक्यात गाडी खोकते." मिस्त्री खाली शिरले, स्क्रू फिरवला, आणि तेलकट, राखाडी पाण्याची धार मनगटावरून कोपरापर्यंत आली. ते तसेच पडून राहिले. गिऱ्हाइकानं वाकून विचारलं, "काय झालं हो?"

मग उठले, ताडपत्री ओढली, जावयाच्या गाडीखाली शिरले. त्यांनी स्वतः घट्ट बसवलेला स्क्रू जागच्या जागी होता. काढला. पेलाभर पाणी निघालं. जे इंजिनात गेलं ते वेगळंच.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा हात धुवायचंही भान नव्हतं. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. आतल्या मारानं आदल्या संध्याकाळपासून जावई बेशुद्ध होता, श्वास यंत्रावर. मिस्त्रींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भोक, स्क्रू, यादी, पाणी. "माझं चुकलं, पोरी. गाडीत दोष होता. दोष माझा होता. पोलिसांना आत्ता लिहून देतो."

तिनं त्यांच्या तेलकट हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "काल शुद्ध जायच्या आधी ते परत तेच म्हणाले. गाडी खोकली गं. मी वैतागले. म्हटलं, पुरे करा आता, बाबा खोटं बोलतील का? निदान चूक तरी कबूल करा." ती बाकावरून उठली. "मग म्हणाले, असेल, माझंच चुकलं असेल. बाबांना सांग, रागावू नका म्हणावं."

मिस्त्रींनी तिच्याकडे हात पुढे केला.

"माझ्यापुढे काय उभे राहिलात?" ती ओरडली. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. "मी बोलले त्यांना, तुमच्या शब्दावर! जा आत. त्यांना सांगा. ऐकू येईपर्यंत सांगत बसा!"

ते आत गेले. खुर्ची ओढून जावयाच्या कानाशी वाकले आणि सांगायला लागले. भेटीची वेळ संपल्याचं नर्सनं दोनदा येऊन सांगितलं, आणि तिसऱ्यांदा आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होते. आवाज बसला तरी बोलत होते. "जावईबापू, ऐकताय ना?" असं मधूनमधून विचारायचे, थांबायचे, आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी येऊन यंत्र बंद केलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हाही त्यांचं सांगणं अर्ध्यावरच होतं.