यादीतल्या बायका

ती सकाळ आठवली की आजही भीती वाटते. देगलूरकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दहाच्या सुमारास एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला, आवाज अगदी दबका. "साहेब, पाण्यावाल्या बाईला शाळेत कोंडलंय. लवकर या, न्हाई तर मुडदाच न्यावा लागंल."

त्या गावात परदेशी मदतीतून टाकी झाली होती. पाणी शुद्ध करायला तिच्यात पावडर टाकत. ते काम बघायला संस्थेची एक तरुण मुलगी लातूरहून येई. त्या पावडरीने बायका वांझ होतात, अशी आवई उठली होती.

स्टेशन डायरीला नोंद टाकली आणि तीन शिपाई घेऊन निघालो. शाळेपुढे सगळं गाव जमलेलं, बायका पुढे, हातात दगड. खोटं कशाला सांगू, मी भ्यालो होतो. गुंडांना मी कधी भ्यालो नाही, पण लेकीसुनांच्या काळजीने पेटलेल्या बायांपुढे काठी काय कामाची? मी सगळ्यांदेखत टाकीचं पाणी प्यायलो. एक बाई म्हणाली, "तुमाला काय होतंय? तुमी पुरुष." शेवटी टाकीला सील ठोकतो, मुलीला ठाण्यात नेतो, असं कबूल केलं तेव्हा वाट मिळाली. मुलगी बाकाखाली अंग चोरून बसली होती. तिला जीपमध्ये बसवून ठाण्यात आणलं.

आता आवई उठवणारा हुडकायचा होता. बीट जमादाराला खबर लागली की देगलूरचा एक मणियार घरोघर बांगड्या भरत फिरतो, त्याचंच हे काम. त्याला आणला. मुसलमानी नाव ऐकूनच माझा संशय पक्का झाला होता, हे आज कबूल करतो. दोन तास दरडावलं. बिचाऱ्याचं बोलणं काही बदलेना.

"साहेब, मी बांगड्या भरतो. बायका बोलतात, मी ऐकतो," तो म्हणाला. "पावडरीला कोण भिऊन राहिलंय? त्या यादीला भिऊन राहिल्या."

टाकीपाशी पाणी समितीचा फलक होता, त्यावर अकरा बायकांची नावं. मदत देणाऱ्यांची अटच होती की समितीत गावच्या बायका हव्यात, काम त्यांच्या संमतीने व्हावं. मी मुलीपुढे चहा ठेवला आणि त्या नावांबद्दल विचारलं. ती रडत सांगू लागली. बैठक घ्यायला तिला एकच दिवस दिला होता. तिने रेशनच्या रांगेत कागद फिरवला, बायकांना वाटलं धान्याचंच काही असेल, आणि त्यांनी अंगठे दिले. पुढे फलक लागला, शाळेतल्या पोरींनी आयांची नावं वाचून दाखवली आणि गाव घाबरलं. त्या अकरा जणींतल्या एका म्हातारीने तरुणपणी आणीबाणीतला नसबंदीचा धाक पाहिला होता. आधी यादी होते, मग गाडी येते, एवढंच तिने बायकांना सांगितलं होतं, आणि त्यातूनच पावडरीची आवई उठली.

मणियाराची माफी मागून त्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतःहून माझ्यासोबत गावात आली. बायकांपुढे मान खाली घालून तिने सगळं सांगितलं. कोंडल्याची तक्रार तिने दिली नाही. म्हातारी मात्र फिर्याद द्यायला उठली. "पोरीवर नगं, तिला धाडणाऱ्यांवर लिव," म्हणाली. "पाणी आमचं, नावं आमची, अन् आमालाच पत्ता न्हाई, हे कसं?"

मी फिर्याद लिहून घेतली. शाईचा पॅड पुढे सरकवला आणि नेहमीसारखा तिचा अंगठा धरला. तिने हात हिसकून घेतला.

"आदी वाचून दाखव."

फिर्याद वाचून दाखवायची हा तर कायदाच आहे. मी वाचू लागलो आणि मनात हिशेब सुरू झाला. एवढ्या नोकरीत असे किती अंगठे मी न वाचता उमटवून घेतले, आणि त्यापायी किती घरांपुढे माझी गाडी जाऊन उभी राहिली! त्या मुलीला मी कोणत्या तोंडाने दोष देणार होतो? वाचून झाल्यावर म्हातारीने एक वाक्य बदलायला लावलं, मगच अंगठा दिला. वाचून न दाखवलेल्या त्या बाकीच्या फिर्यादींतली न बदललेली वाक्यं कुणाच्या कपाळी आली असतील, या विचाराने मी आजही घाबरतो.