शिवसागरातलं आमचं बेट

मी कडेगावच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि मला नाव वल्हवता येत नाही. यातली दुसरी गोष्ट मी सासऱ्यांना सांगितली नव्हती.

सासरे म्हणजे मामा, निवृत्त सुभेदार. उत्तरेत नोकरीला असताना त्यांनी मोठमोठी तळी पाहिली. पण सगळी लष्करी ट्रकच्या मागच्या फटीतून! "एकदा नावंत बसायचं हाय बगा, पावणं," असं ते इतक्या हळव्या आवाजात म्हणाले, की पुढच्याच रविवारी मामा, माझी बायको सुरेखा आणि मी तापोळ्याला, शिवसागर तलावाकाठी हजर.

"मी येतो की संगं," नावाडी म्हणाला.

"गरज नाही!" मी म्हणालो. "कोयनेचं पाणी अडलं, दऱ्या भरल्या, म्हणून या तलावाला असे बोटांसारखे फाटे फुटलेत. मला सगळे पाठ आहेत!"

"लय हुशार!" मामा खूश झाले. सुरेखाने लाइफ जॅकेटचा पट्टा तेवढा आणखी आवळला.

मधोमध गेल्यावर मी वल्ही सोडली. (दमलो होतो, पण "निसर्ग ऐका" असं म्हणालो.) आणि खरंच, काय ती शांतता! डोंगर पाण्यात उलटे निजले होते. ढग नावेखालून सरकत होते. आपण पाण्यावर आहोत की आभाळात, तेच कळेना. मामांचे डोळे मिटले, सुरेखाची मान कलली, आणि मी... मी पहारा देत होतो, असं आजही सांगतो.

धप्प!

डोळे उघडले तर नाव अनोळखी काठाला टेकलेली. एक वल्हं गायब. फोनला रेंज नाही. समोर पाणी, डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, मागे दाट झाडी.

"बेट!" मी जाहीर केलं.

"आवं, नक्की?" सुरेखा रडवेली झाली.

"तीन बाजूंना पाणी दिसतंय. चौथीकडेही असणारच!"

मामांनी ताबा घेतला. डब्यातल्या चार भाकरी मोजल्या. "अर्दी-अर्दीच खायाची! दोन दिस काडायचं हायेत!" सुरेखाची लाल ओढणी उरलेल्या वल्ह्याला बांधून मी तासभर तलावाकडे हलवत राहिलो. लांबून एक लाँच गेली. त्यातल्या लोकांनी आनंदाने हात हलवले!

तेवढ्यात मागच्या झाडीतून सरपणाचा भारा घेऊन एक म्हातारी आली.

"काय रं, लाल फडकं नाचवतुयास, कुनाचं लगीन हाय?"

"आजी, तुम्ही या बेटावर कशा आलात?" मी ओरडलो.

"कंचं बेट? मी चालत आले. ह्या झाडीमागं डांबरी हाय!"

आणि झाडीमागून एसटीचा हॉर्न वाजला.

नाव तिथंच बांधून आम्ही धावलो. (रेंज आल्यावर नावेच्या मालकाने मला जे ऐकवलं, ते सुभेदारांनीही कधी ऐकलं नव्हतं म्हणे.)

मामा मात्र तृप्त. आता भेटेल त्याला छाती फुगवून सांगतात, "आमचं जावई लय हुशार! बेटावर नेलं, आन् एस्टीनं माघारी आनलं!"