ताटाची डावी बाजू

ताटात चटणी नसेल तर ते जेवण नव्हे, नुसतं पोट भरणं, असं स्नेहलताबाईंच्या सासूबाई म्हणत. सासूबाई अकोल्याच्या. सूनबाई नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी झाशीला आल्या आणि इथेच मुरल्या. शेजारणींशी हिंदी, भाजीवाल्याशी बुंदेली, पण ताट वाढायची रीत अकोल्याचीच राहिली: उजवीकडे भाजी-आमटी, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. कुणाकडे सगळं एका बाजूला कोंबलेलं ताट दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. वाढणं म्हणजे काय वाढणाऱ्याची लहर आहे?

दिवाळीनंतर अशोकरावांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात लुळा पडला. जीव वाचला, वाचाही शाबूत राहिली, पण अन्नावरची वासना उडाली. चार घास उजवीकडची भाजी, अर्धी भाकरी, की ताट सरकवलं. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. डॉक्टरांनी सांगून टाकलं, सोमवारी वजन पुन्हा उतरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल. अशोकरावांचे वडील, बापूराव, नळी घातल्यावर अंथरुणावरून उठलेच नव्हते. घरी येताना रिक्षात अशोकराव एवढंच म्हणाले, "मला ती नळी घालू देऊ नकोस."

तेव्हापासून स्नेहलताबाईंनी कंबर कसली. परसातली ओली लसूण उपटली, तिची पात मिरचीबरोबर जाडसर ठेचली. टोमॅटो निखाऱ्यावर भाजून, साल काढून, कांदा-कोथिंबिरीबरोबर कुस्करले. बाजारातून जवस आणून भाजले, कुटले. हरभऱ्याचा कोवळा पाला ताकात शिजवला. रोज नवी चटणी ताटात, आणि रोज अशोकरावांचं एकच: "आज चटणी नाही का केलीस?"

पहिल्यांदा त्यांना वाटलं, चेष्टा करताहेत. मग वाटलं, चव लागत नसेल, म्हणून मिरची वाढवली, लिंबू पिळलं. चटणी जिभेला झोंबेल इतकी झाली, तरी वाटीला बोट लागेना. आपण बोट दाखवावं तर ते ताटाकडे बघून म्हणणार, कुठाय? चमच्याने भरवायला जावं तर ओठ घट्ट. भरवून घ्यायला मी काय तान्हा आहे, म्हणायचे. शेवटी त्यांच्या मनात आलं ते वाईट होतं. माणसाचं डोकंच फिरलं असावं. ओट्याशी उभ्या राहून त्या तोंडात पदर कोंबून रडल्या.

त्यात शनिवारी मुलीचा, शाल्मलीचा, पुण्याहून फोन. तिला मराठी कळतं, बोलताना हिंदीत घसरते. "मम्मी, पप्पा कह रहे थे, तुझी आई माझ्याजवळ बसतच नाही. थोडा बैठा करो ना उनके पास." स्नेहलताबाईंना हे फार लागलं. लुळा हात मांडीवर घेऊन, तेल चोळत त्या दिवसभर नवऱ्याशेजारीच तर बसून असायच्या. तेच तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहायचे. इतका कसला राग?

रविवारी सकाळी त्या बड्या बाजारात गेल्या. हातगाडीवाला जयसिंग कवठं घेऊन बसला होता. "अम्मा, कैथा लै जाओ, एकदम पके हैं." अशोकरावांचा जीव कवठाच्या चटणीवर. हे शेवटचंच, असं मनाशी म्हणत त्यांनी कवठ फोडलं, गर काढला, गूळ, जिरं, तिखट, मीठ घालून वाटला. सगळं घर आंबटगोड वासाने भरलं. ताट वाढून नवऱ्याच्या डाव्या अंगाला, नेहमीच्या स्टुलावर त्या बसल्या.

अशोकरावांनी वास घेतला. ताटाकडे पाहिलं.

"कवठाचा वास येतोय," ते म्हणाले, "मग चटणी का नाही वाढलीस?"

स्नेहलताबाईंचा बांध फुटला. आता काय जीव वाटून घालू, असं म्हणून त्यांनी ताट ओढून उचललं आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. उंबऱ्याशी पाय अडला. उद्या सोमवार. पोटात काही नसताना या माणसाला काट्यावर उभं करायचं? त्या परतल्या आणि ताट धाडकन त्यांच्यापुढे ठेवलं, उलटसुलट कसंही.

"आत्ता आणलीस होय," अशोकराव म्हणाले. बोटाने चटणी ओढून जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. पुन्हा ओढली. भाकरीचा तुकडा मोडला.

स्नेहलताबाई बघत राहिल्या. चटणी आता उजवीकडे होती. त्यांनी हलकेच वाटी उचलून ताटाच्या डाव्या कडेला नेली. अशोकरावांचं बोट रिकाम्या जागी फिरलं. "संपली?" त्यांनी विचारलं. वाटी उजवीकडे आणली, बोट बरोबर तिच्यात. रोज भाकरी टाकायचे ती डावी अर्धीच, हेही आत्ता ध्यानात आलं. डोळे धड होते, जीभ धड होती. नवऱ्याच्या लेखी डावीकडचं जगच उरलं नव्हतं, आणि सासूबाईंची रीत पाळून आपण रोज त्याच्या तोंडची चव तिथे नेऊन पुरत होतो.

आणि मग त्यांना स्वतःचं स्टूल दिसलं. तेही डावीकडेच.

स्नेहलताबाई उठल्या. स्टूल घेऊन पलीकडे, खिडकीच्या बाजूला जाऊन बसल्या. अशोकरावांचा घास हातात राहिला. त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं.

"आलीस?" ते म्हणाले. "इतके दिवस कुठे होतीस गं?"

स्नेहलताबाईंनी ताट फिरवलं आणि उरलेली अर्धी भाकरी त्यांच्या उजव्या हाताशी आणली.