परशुरामला मी सांगितलेलं माप

बायको गेली, तिला हे ठाऊक नव्हतं. पोरांना ठाऊक नाही. देवापुढंसुद्धा मी हे कधी तोंडाने बोललो नाही. देवाला सगळं कळतंच म्हणतात, मग परत कशाला सांगा, अशी पळवाट मीच काढलेली. आज लिहायला बसलोय. अक्षर वाकडं आहे, वाचणाऱ्याने चालवून घ्यावं. तिसरी यत्ता अर्धी टाकून मी शाळेतून उठलो तो उठलोच.

आमच्या दाभोशात कुणालाही विचारा — धर्मा कारकून कोण? सांगतील. तिसरीही पुरी न केलेला गडी, दरबारची हिशेबी परीक्षा दिली, शिकलेल्यांना मागे टाकलं, कोठारावर कारकून झाला. संस्थान होतं तोवर कोठार होतं, आणि कोठार होतं तोवर मी होतो. मला मान मिळाला. अजून मिळतो. परीक्षेला बसणारी पोरं अजून येतात, पाया पडतात, म्हणतात, आजोबा, अभ्यास कसा केलात ते सांगा.

आणि मी सांगतो. ताठ बसून सांगतो.

सांगतो की बाबांनो, घोकत बसू नका. जे येतं तेच माणूस पुन्हा पुन्हा म्हणतो, कारण ते येतं म्हणून गोड लागतं. जे येत नाही तिथं जा. एक हिशेब घ्या, समजून घ्या, मग कागद उलटा टाका आणि दुसऱ्याला समजावून सांगा. सांगताना जिथं जीभ अडखळली तिथं तुमचं कच्चं आहे, तेवढंच उद्या सकाळी पहिलं काढा. बाकीचं सोडा. दिवसभर कंबर मोडून बसणाऱ्यापेक्षा असा थोडा वेळ करणारा पुढं जातो.

हे सगळं खरं आहे. एक अक्षर खोटं नाही. मग खोटं काय? — सांगतो. जरा दमानं घेऊ द्या.

दुसऱ्याला समजावून सांगा, असं मी म्हणतो. पण तो दुसरा कोण होता, हे आजवर कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

तो परशुराम.

परशुराम मोखाड्याचा. मोखाडा तेव्हा इंग्रजी अमलात, जव्हार आमचं संस्थान. मुलूख वेगळा, कायदा वेगळा, डोंगर तेवढे एकच. त्याचा बाप लहानपणीच गेला. आई लोकांची दळणं दळायची. जव्हारच्या पेठेत त्याच्या मामाचं तेल-मिठाचं दुकान होतं, तिथं तो राहायला आलेला. मामाने स्वच्छ सांगितलं होतं — परीक्षा झाली तर राहा माझ्याकडे, नाही झाली तर आपलं गाव गाठ. जागा एकच होती, कोठारावरच्या कारकुनाची. बसणारे पुष्कळ, पण खरं बघायचं तर आम्ही दोघंच. बाकीच्यांना व्याजाचा हिशेब पुढं आला की घाम फुटायचा.

आमची जोडी कशी जमली? गरजेने जमली. मला मोडी धड वाचता येत नव्हती. लिहिताना हात थरथरायचा. पण तोंडी हिशेबात माझा हात कुणी धरू शकत नसे — पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी झोपेत विचारा. त्याचं उलटं. त्याचा कागद देखणा, पण पाऊणकी आली की बोटं मोजायचा. मी दाभोशाहून चालत यायचो, तो जव्हारातून निघून वाटेवर यायचा. झऱ्यापाशी एक मोठा सपाट धोंडा होता, तिथं बसायचो. तो मला मोडी शिकवायचा, मी त्याला पाढे. मग कागद उलटा टाकून एकमेकाला सांगायचं. ही युक्ती कुणाची? पोरांना मी सांगतो, माझी. ती त्याची होती.

हे लहान खोटं. मोठं पुढं आहे.

आमच्या संस्थानात सारा रोख कमी, धान्यात जास्त. भात, नागली कोठारात यायची. घेताना पायली शीग लावून घ्यायची — म्हणजे काठाच्या वर धान्याचा ढीग उभा राहील, दाणे ओघळू लागतील, इतकी. आणि कोठारातून बाहेर देताना सपाट — वरचं हाताने पुसून. कोठारात भात वाळून उतरतं, उंदीर खातात, म्हणून ही रीत. मी लहानपणापासून बापाबरोबर कोठारावर जायचो, मला ती रीत पाठ. आत शिगेने, बाहेर सपाट. मधला वाढावा हिशेबात धरायचा. तो ज्याने धरला नाही त्याचा सगळा हिशेब वाया.

परशुरामला हे कुठून कळणार? त्याच्या मोखाड्यात सारा रोखीत भरायचा. दुकानातलं माप सपाट. मामाच्या दुकानात तर तेल आणि मीठ.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पेठेत त्याला बोलवायला गेलो. मामा दुकानात बसलेला. सकाळी परशुरामने व्याजाचा एक अवघड हिशेब कागदावर सोडवलेला आणि मला तो लिहून जमला नव्हता, हे त्याने मामाला सांगितलेलं असणार. मामा मला बघून म्हणाला, "काय रे दाभोशाच्या, तू कोठारावर लागलास तर लिहिणार कोण? उंदीर?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. परशुरामही हसला. वाईट मनाने नव्हे. हसायचं म्हणून हसला, आणि लगेच म्हणाला, "मामा, धर्माचं तोंडी ऐक एकदा, तू गप्प बसशील."

पण आधी हसला ना? मला तेवढंच ऐकू आलं. मी निमित्त सांगत नाही. हसण्याची शिक्षा एवढी मोठी असते का?

आम्ही झऱ्यावर गेलो. तो धोंड्यावर बसला, पाय पाण्यात सोडले. म्हणाला, "धर्मा, एक राहिलंय. कोठारावर भात घेताना शीग धरतात का रे? नाशिककडे कुठंतरी धरतात म्हणे. तुमच्याकडे काय?"

मी पाणी पीत होतो. ओंजळ तशीच राहिली. खरं सांगायला किती वेळ लागतो? एक शब्द. माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मला अजून नीट आठवतं, आणि तेच वाईट आहे. चुकून बोललो असतो, तर आज हे लिहिलं नसतं. मी विचार केला. एक घोट गिळला, आणि मग म्हणालो —

"नाय रे. आमच्याकडं सपाटच. घेताना सपाट, देताना सपाट."

"नक्की?"

"माझा बाप दरसाल भात घालतो. मना ठाऊक नसंल तर कोनाला?"

"मग सोपं आहे," म्हणाला. आणि त्याने ते मला परत समजावून सांगितलं, आमच्या रिवाजाप्रमाणे, कागद उलटा टाकून. एकदाही अडखळला नाही. मी मान डोलावली. बरोबर, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत लेखी झाली. त्याची माझ्यापेक्षा चांगली झाली, हे मी त्याच्या तोंडावरून ओळखलं. मग तोंडी. एकेकाला आत बोलवायचे. त्याला आधी बोलावलं. मी बाहेर ओट्यावर बसून होतो. आतलं ऐकू येत नव्हतं, पण एकदा कुणीतरी मोठ्याने हसलं ते आलं. अजून वेळ होता. तो बाहेर आला की सांगू, अरे परत आत जा, मी चुकीचं सांगितलं, असं — म्हणता आलं नसतं का? आलं असतं. आत परीक्षा घेणारा कारभारी भला माणूस होता.

परशुराम बाहेर आला. घामेजलेला, पण खुशीत. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "मापाचं विचारतात रे. मी तू सांगितलंस तसं सांगितलं. तुलाही विचारतील, घाबरून विसरू नकोस — घेताना सपाट, देताना सपाट." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

लक्षात आलं का तुमच्या? मला मदत करत होता तो.

मला आत बोलावलं. कारभाऱ्याने विचारलं, कोठारात धान्य कोणत्या मापाने घेतात? मी म्हणालो, शिगेने. देतात? सपाट. वाढावा कसा धरायचा? मी धडाधडा सांगितलं. कारभारी बाजूच्याला म्हणाले, "बघा. आधीचा शिकलेला होता, पण ज्याला कोठाराचं मापच ठाऊक नाही त्याला कोठारावर काय बसवायचं?"

मी हात जोडून उभा होतो. त्या वेळीसुद्धा तोंड उघडता आलं असतं.

निकाल लागला. परशुराम माझ्याकडे आला. रागाने नाही आला. त्याला कळतच नव्हतं. म्हणाला, "माझं काय चुकलं असेल रे? तुला काही कळलं का?"

"चुकला काय नाय," मी म्हणालो. "तू मोखाड्याचा. परक्या मुलखाचा. संस्थानात परका घेत नाय, एवढंच."

त्याने ते मानलं. मामानेही मानलं, चार शिव्या दरबाराला दिल्या आणि भाच्याला गावी पाठवून दिलं. दरबाराच्या नावावर मी माझं पाप घातलं, आणि मोखाड्यात वर्षानुवर्षं तेच खरं म्हणून चाललं. परशुराम सूर्यमाळच्या रानात लाकूडतोड्यांवर मुकादम झाला. दरसाल हिवतापाने झोपायचा. त्याचं देखणं अक्षर तिथं कोणाच्या उपयोगाचं होतं? आई त्याची शेवटपर्यंत दळत होती, हे मला कळलं होतं. कळून मी काय केलं? काही नाही. मी कोठारावर डोक्याला पागोटं घालून बसत होतो.

पुढची गोष्ट बऱ्याच वर्षांनंतरची. साऱ्याचं भात कोठारात घालायची घालणी चालू होती. कोठारापुढं गाड्या लागलेल्या. मी ओट्यावर, रघ्या मापारी खाली पायली भरतोय. पुढची गाडी सरकली आणि गाडीवर परशुराम. केस पांढरे, गाल आत गेलेले. त्याची पोर जव्हारच्या बाजूला दिली होती, व्याही तापाने पडलेला, म्हणून त्याचं भात हा घेऊन आलेला. मला बघून हसला. "काय कारकूनसाहेब, ओळख आहे का?"

"ये, ये," मी म्हणालो. आणि रघ्याकडे बघितलं, की थांब. पण रघ्याला काय माहीत? त्याने पायली भरली, वर ओंजळीने घालत गेला, घालत गेला, शीग उभी राहिली, दाणे ओघळले.

परशुराम बघत होता.

"वर ढीग कशाला रे?" त्याने रघ्याला विचारलं.

रघ्या हसला. "ढीग नाय भाऊ, शीग. शिगेबिगर कोठारात दाना जात नाय. पहिल्यांदाच आले वाटतं?"

परशुरामने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. "हे कधीपासून?"

गाड्यांचे बैल घुंगरं वाजवत होते. मागचे लोक घाई करत होते. मला तिथं सुटका नव्हती, आणि मी म्हातारा व्हायला लागलेलो, माझी नोकरी पक्की, मला कुणी काढणार नव्हतं, घाबरायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी मी म्हणालो —

"नवा हुकूम आहे. चार-पाच सालं झाली."

रघ्याचा हात पायलीवर थांबला. त्याने वर बघितलं. माझी नजर त्याला समजली. "हां सायब," म्हणाला, आणि मान खाली घालून भरायला लागला.

परशुरामने श्वास सोडला. खरोखर सोडला, मला दिसला. "मग बरं," म्हणाला. "मला उगीच वाटलं... आपल्या वेळी सपाटच होतं ना?"

"सपाटच," मी म्हणालो.

त्याने कमरेची चंची काढली, तंबाखू मळली, अर्धी मला दिली. मी घेतली. खाल्ली. भात मापून झालं, पावती घेतली, गाडी जोडून तो गेला.

घरी गेल्यावर त्याने व्याह्याला विचारलं असेल का? एवढंच विचारायचं होतं, की शीग कधीपासून? व्याह्याच्या आज्यापासून, हे उत्तर मिळालं असतं.

पुढच्या घालणीला व्याही स्वतः भात घेऊन आला. मी म्हणालो, "परशुराम आला नाही?" व्याही म्हणाला, "आलेत की. घरीच हाईत. मी म्हनलो, चला, तुमचे दोस्त हाईत कोठारावर. नको म्हनले."

का नको म्हणाला, ते मी विचारलं नाही. रघ्याला हाक मारली आणि माप सुरू करायला सांगितलं.