आकारामचा हात आणि पोटाची चरबी

आकारामच्या पायाला जन्मापासून भिंगरी होती. उजव्या हातावर तेजाब सांडल्यापासून ती डोक्यात शिरली. विट्याजवळच्या गावातला हा माणूस सतराव्या वर्षी सेलमला गेला आणि गलाईच्या दुकानात भट्टीपुढं तेवढा वीस वर्षं टिकून बसला. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, राख, चिंध्या जाळायच्या आणि गाळातून सोनं काढायचं. दुसरं काही त्याला येत नव्हतं, पण हे असं येत होतं की बघत राहावं.

तेजाबाची जखम भरली, पण हाताच्या पाठीवरची कातडी हाडांना चिकटून बसली. मूठ वळेना, सांडशी धरवेना. त्याहून वाईट म्हणजे त्या कातडीला काही लागेनाच. ज्याला चटका कळत नाही तो भट्टीपुढं काय बसणार? एकदा हट्टानं बसला, तेव्हा हात भाजल्याचं वासावरून कळलं. दुकानातल्या भागीदारानं गोड बोलून त्याला गावी धाडलं.

गावात तीन वर्षं तो कुठंच टेकला नाही. बांधावरून स्टँडवर, स्टँडवरून बांधावर. बायको हरणाबाई वैतागून म्हणायची, "आवं, बूड टेका की वाईच."

सत्त्याण्णव साली सांगलीच्या डॉक्टर पद्मा आपटे यांनी हात तपासला. "पोटाची थोडी चरबी काढून सुईनं या कातडीखाली सोडू," त्या म्हणाल्या. "कातडी सुटी होईल, मूठ वळेल. त्यातली निम्मी चरबी मात्र अंगातच जिरून जाते. आणि चटका कळेल की नाही, ते मी कबूल करत नाही."

"पोट कुठं हाय बाई मला?" आकारामनं सदरा वर केला. खरंच, आत फक्त बरगड्या होत्या. पण शोधणाऱ्याला चार चमचे सापडले.

जागा बधिर केली होती, माणूस जागा होता. त्यानं मान वळवून सगळं बघितलं. उभ्या नळीत वर तेल तरंगलं, मधे पिवळी चरबी, तळाला लाल गाळ. बाईंनी चरबी हातात सोडायला ठेवली, बाकीचं बादलीत टाकलं.

"बाई, गाळ टाकू नगा. आमच्यात सोनं गाळातच आसतंय."

"हे रक्त आहे, आकाराम," बाई हसल्या. त्याला काही ते पटलं नाही.

घरी आल्यावर नवीनच भूत मानगुटीवर बसलं. चरबी म्हणजे वितळणार. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण वीस वर्षांत भट्टीपुढं न वितळणारी वस्तू त्यानं पाहिली नव्हती. तो चुलीपुढं जाईना. चहा निवल्याशिवाय घेईना. उन्हात हातावर ओला पंचा टाकून हिंडे. गावानं यथेच्छ हसून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली आणि याला वाटलं, चरबी वितळली. निम्मी गेली की सगळीच? मूठ थोडी थोडी वळत होती, पण भट्टीपुढं गेल्यावर उरलेलीही गेली तर? सेलमहून भागीदाराचं पत्र आलं, ते त्यानं फोडलंसुद्धा नाही. रडावंसं वाटत होतं, आणि रडायलाही एका जागी बसावं लागतं.

दोन महिने असे गेले. एका सकाळी तव्यावर भाकरी होती, हरणाबाईचे दोन्ही हात पिठात होते आणि हा दारातून आतबाहेर करत होता.

"आवं, करपतीया. उलथा की!"

विचार करायला सवड नव्हती. त्यानं उजव्या हातानं भाकरीची कड धरली. बोटं मिटली, भाकरी उलटली, आणि हाताची पाठ तव्याच्या काठाला टेकली. त्यानं झटक्यात हात मागं घेतला.

हरणाबाई पिठाच्या हातानंच तांब्या घेऊन धावली. त्यानं हात बाजूला केला.

"थांब. पानी नगं वतू."

"आवं, भाजलंय तुमाला."

"व्हय," तो म्हणाला. डोळे भरून आले होते. "भाजलंय. मला भाजलंय गं." मग हाताकडं बघत पुटपुटला, "त्या गाळातलं कायतरी आत ऱ्हायलं आसंल."

तो चुलीपुढं मांडी घालून बसला. भाकरी करपून काळी झाली, हरणाबाईनं दुसरी थापली, तिसरी थापली. तो उठला नाही.